वाचकांची पत्रं : ‘गेलो’ आणि ‘शिरलो’

गेल्या अंकात हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’वर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं बघून संपादकांनी फोन केला, “ताई, या वेळी सगळं सदर यालाच द्या.” दिलं. आधी पत्र, मग माझं उत्तर.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी चार ओळी. अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, त्यातलं मेकोम्ब नावाचं काल्पनिक गाव, काळ १९३० नंतरच्या मंदीचा. गोष्ट सांगणारी स्काउट तेव्हा सहा ते नऊ वर्षांची. तिचे वडील ॲटिकस फिंच वकील. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे आणि त्याचा बचाव कोर्टाने ॲटिकसकडे सोपवलाय. पुस्तक १९६० साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

मॅडम, मी वाशीला राहतो, लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. टॉम निर्दोष आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल इतका पुरावा कोर्टात येतो. तरी ज्युरी त्याला दोषी ठरवते. वाचकाला रडवायचं म्हणून लेखिकेने हे केलंय असं वाटत राहिलं. इतकं उघड असताना बारा माणसं चुकतात का?

बाळा, मी एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. वकील नव्हे, न्यायाधीश नव्हे. डायसच्या खाली डाव्या हाताला जे टेबल असतं, त्यावर मान खाली घालून बसलेली बाई. पुकारा झाला की वही उघडायची, न्यायाधीश उठले की मिटायची. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं कायद्याचं उत्तर मी देणार नाही, टेबलावरून दिसतं तेवढं सांगते.

पुरावा तू म्हणतोस तसा ढळढळीत आहेच. मेयेलाच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली होती, म्हणजे समोरून मारणारा डावखुरा. ॲटिकस तिच्या बापाला, बॉब युएलला, पाकिटावर सही करायला लावतो आणि तो डाव्या हाताने करतो. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. शपथ घेताना तो हात बायबलवर ठेवायला जातो आणि हात घसरून खाली पडतो. ॲटिकसने त्याला एक शब्द विचारायच्या आधीच तो हात सगळ्यांसमोर घसरलाय! शिवाय डॉक्टरला कुणी बोलावलंच नव्हतं. बलात्काराचा खटला आणि वैद्यकीय तपासणीचा कागदच नाही. आमच्या कोर्टात फाइल अशी उघडली असती तर पट्टेवाल्यानेही भुवया उंचावल्या असत्या.

पण खटला फिरतो तो हातापाशी नाही. सरकारी वकील टॉमला विचारतो, तू त्या मुलीची कामं फुकट का करत होतास? टॉम प्रामाणिकपणे सांगतो, मला तिची कीव यायची. संपलं. वकील तेच वाक्य पुन्हा म्हणतो, तुला तिची कीव आली? आणि खाली बसलेली माणसं चुळबुळतात.

हे वाक्य कागदावर उतरवून बघ. त्यात गुन्हा नाही, शिवी नाही, खोटं तर नाहीच. मी टाइप केलं असतं तर माझं बोट एक क्षणही थांबलं नसतं. पण कीव ही वरच्याने खालच्याची करायची असते. मालकाने गड्याची करावी, सावकाराने कुळाची करावी. काळ्या मजुराला गोऱ्या मुलीची कीव येते म्हणजे तो स्वतःला कुठे समजतो? हा प्रश्न कुणी उच्चारत नाही, त्यामुळे तो कुठल्याही स्टेनोच्या वहीत सापडणार नाही. निकाल मात्र त्यावर लागतो. बारा माणसांचा हिशेब चुकला नव्हता रे, त्यांनी वेगळंच गणित सोडवलं. ज्युरी परत येते तेव्हा टॉमकडे एकही जण बघत नाही, आणि निकाल काय ते स्काउटला तिथेच कळतं.

आता माझी गोष्ट. संपादकांना म्हटलं होतं की ही छापली तरच मी हे सदर लिहीन.

१९८० नंतरची चार-पाच वर्षं, ठाणे जिल्ह्यातलं एक कोर्ट. आरोपी कातकरी, वीटभट्टीवर कामाला, वय विचारलं तर दोन वेळा दोन उत्तरं. आरोप वाडीतल्या घरातून तांब्याची भांडी चोरल्याचा. घरात का गेलास, असं विचारल्यावर तो त्याच्या बोलीत म्हणाला की बाईने हाक मारली म्हणून आत गेलो. आमच्याकडे साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं कागदावर येतंच असं नाही. न्यायाधीश ऐकतात, नीट वाक्य करतात, स्टेनोला सांगतात. मला जे सांगण्यात आलं ते असं : “मी घरात शिरलो हे खरे आहे. मला बाईने बोलावले होते.”

‘गेलो’चं ‘शिरलो’ झालं. मला ऐकू आलं. माझी पेन्सिल अर्ध्या सेकंदाला अडखळली असेल. मग मी ‘शिरलो’ लिहिलं. जबाब त्याला वाचून दाखवला, त्याने मान हलवली, अंगठा दिला. साहेब वाईट माणूस नव्हते. उलट त्या दिवशी त्यांनी त्या माणसाला बसायला सांगितलं होतं, जे सहसा होत नसे. त्यांनी ते मुद्दाम केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पाहुणा घरात जातो, कातकरी घरात शिरतो, एवढंच ते आपोआप झालं. माझ्याही हातून. शिक्षा त्या एका शब्दामुळे झाली असं मी म्हणणार नाही, पंचनामा होता, भांडी विकत घेणारा दुकानदार होता. पण तो शब्द माझ्या हस्ताक्षरात आहे.

राहिला रडवण्याचा मुद्दा. लेखिकेने उलट हात आखडता घेतलाय. १९३१ साली अलाबामातच स्कॉट्सबोरोला नऊ काळ्या पोरांवर मालगाडीत दोन गोऱ्या मुलींवर बलात्कार केल्याचा आरोप झाला. पंधरवड्यात आठ जणांना मृत्युदंड सुनावून मोकळे. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या, कारण पोरांना धड वकीलही मिळाला नव्हता. १९३३ च्या फेरखटल्यात त्या दोघींपैकी एक, रूबी बेट्स, बचावाच्या बाजूने साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, असं काही घडलंच नाही. ज्युरीने तरीही दोषी ठरवलं! न्यायाधीश हॉर्टन यांनी तो निकाल बाजूला ठेवला, तर पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. तिथे न्यायाधीशही निवडून येतात. कादंबरीत मेयेला शेवटपर्यंत खोट्यावर ठाम राहते. प्रत्यक्षात मुलीने खरं सांगूनही फरक पडला नव्हता. त्यांतल्या शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ मध्ये, तिघंही मेल्यानंतर.

ज्युरीचं म्हणशील तर आपल्याकडेही ती होती. नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला तुमच्या अभ्यासात येईलच. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष म्हटलं आणि न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. मेकोम्बच्या ज्युरीत एकही काळा माणूस नाही आणि एकही बाई नाही. अलाबामात बायकांना ज्युरीत बसायला १९६६ उजाडावं लागलं.

सुट्टीत एखाद्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. साक्षीदार काय बोलतो आणि लिहून काय घेतलं जातं, दोन्ही ऐक.

नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलीला ही कादंबरी द्यावी असं तुम्ही सुचवलंत, पण आपल्याकडे गोरा-काळा हा प्रकारच नाही, मग मुलांच्या डोक्यात तो का भरायचा? आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळे सण सगळे मिळून करतात. आमच्या कामवाल्या मावशी दहा वर्षं आहेत, अगदी घरच्यासारख्या.

तुम्ही पत्र प्रेमाने लिहिलंय, म्हणून मीही प्रेमानेच विचारते. मावशी कुठे राहतात? गल्ली, चाळ, कितवा मजला?

फिंचांच्या घरात कॅल्पुर्निया आहे. आईविना दोन्ही पोरं तिने वाढवली, स्काउटला अक्षरं गिरवायला तिने लावली. घरच्यासारखी नव्हे, घरचीच. आणि एका रविवारी ती पोरांना आपल्या चर्चमध्ये नेते, तेव्हा स्काउटला पहिल्यांदा कळतं की कॅलला आपल्या घराबाहेर एक आयुष्य आहे. तिचा वाढदिवस कधी हेही पोरांना माहीत नसतं. तो तिलाही माहीत नाही, म्हणून ती नाताळला धरते. स्काउट म्हणते, मी तुझ्या घरी येऊ? कॅल हो म्हणते. आत्या म्हणते, मुळीच जायचं नाही.

आणखी एक प्रसंग तुम्ही मुलीबरोबर बसून वाचा. आत्याने घरी चहाला बोलावलेल्या बायका आफ्रिकेतल्या मृना नावाच्या जमातीच्या हालांबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलताहेत. त्याच तोंडाने त्यांतली एक आपल्या स्वयंपाकिणीची तक्रार करते : टॉमला शिक्षा झाल्यापासून मेली तोंड फुगवून असते, मी तिला चांगली समज दिली. हातात केक आहे, वाढणारी कॅल्पुर्निया आहे. हे वाचताना मला ठाण्यातली किमान तीन भिशी मंडळं आठवली, त्यातलं एक माझं.

गोरा-काळा नाही म्हणता ते खरं. पण लिफ्टजवळची पाटी वाचून या. कामवाल्यांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी कुठली लिफ्ट वापरायची ते ज्या सोसायटीत लिहिलेलं नाही, तिथे मला भाड्याने घर बघायचंय. आणि मावशींचा कप तुमच्या कपांच्याच रॅकवर असतो का, तेवढं बघा. असेल तर मी माफी मागते.

ही तुलना माझ्या सुपीक डोक्यातून निघालेली नाही, बरं का. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवण्याच्या कामासाठी. पुण्यात बसलेल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी जे लागू वाटलं, ते घोडबंदर रोडला लागू होत नाही असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं? मुलीला पुस्तक द्या. दहावीत असेल तर बिनधास्त द्या. लहान असेल तर खटल्याचा भाग तुम्ही सोबत वाचा, कारण ती ‘बलात्कार’ म्हणजे काय हे विचारेल आणि ॲटिकससारखं सरळ उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

आजी, मॉकिंगबर्डला मराठीत काय म्हणतात? मी नववीत आहे, आम्ही येऊरला पक्षी बघायला जातो.

तो आपल्याकडे नसतोच, त्यामुळे खास मराठी नावही नाही. अमेरिकेतला नकलाकार पक्षी, दुसऱ्यांचे आवाज काढतो. येऊरला आवाजाच्या बाबतीत त्याच्या जवळचा म्हणजे भृंगराज, तोच तो शेपटीला दोन लांब तारा असलेला काळा. शिक्रा ओरडतोय म्हणून वर बघावं आणि निघावा भृंगराज! कादंबरीत शेजारच्या मॉडीबाई सांगतात की मॉकिंगबर्ड कुणाच्या बागेची नासधूस करत नाही, फक्त गातो, म्हणून त्याला मारणं पाप. तुझ्याकडे दुर्बीण आहे का? मला पत्राने कळव.

ताई, मी ऐरोलीचा. आमचं घर गावठाणात, कामाला जवळच्याच आयटी पार्कमध्ये. ऑफिसात शुद्ध मराठी नाहीतर इंग्रजी, घरी आगरी. आईचा फोन आला की मी उठून पॅसेजमध्ये जातो. कॅल्पुर्निया चर्चमध्ये वेगळं बोलते ते वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. मी खोटा वागतो का?

नाही. पॅसेजमध्ये जातोस त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

कॅलला स्काउट आणि तिचा भाऊ जेम विचारतात की तुला नीट बोलता येतं, मग तिथे तसं का बोलतेस? ती म्हणते, तुम्ही आपल्या घरी माझ्यासारखं बोललात तर कसं दिसेल? आणि चर्चमध्ये मी गोऱ्यांसारखं बोलले तर लोकांना वाटेल मी शिष्टपणा करतेय. आपल्यापेक्षा कुणाला जास्त येतं हे माणसांना आवडत नाही. तिचं उत्तर शहाणपणाचं आहे. मला ते थोडं दमलेलंही वाटतं. ती बाई मेकोम्बमधल्या मोजक्या वाचता येणाऱ्या काळ्या माणसांपैकी. चर्चमध्ये पुस्तकं नाहीत, कारण बहुतेकांना वाचता येत नाही. तिचा मुलगा झीबो एकेक ओळ म्हणतो आणि सगळे मागून गातात. त्याला वाचायला कॅलने शिकवलं. म्हणजे तिच्या दोन भाषांमधली एक सगळ्या चर्चच्या उपयोगी पडते, हे पोरांना दिसत नाही.

बघ, ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हटल्याने अर्थात तसूभर फरक पडत नाही. तरी त्या ‘ण’ आणि ‘ळ’वरून माणसाला कुठे बसवायचं ते ठरतं. कोर्टात मी हजारदा पाहिलंय : बेलापूरची कोळीण साक्षीला आली की तिची साक्ष कागदावर सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी उतरायची. वाचून दाखवली की ती बावचळायची, हे मी बोललेच नाही म्हणायची, आणि वकील हसायचे. ती बरोबरच म्हणायची की.

पुढच्या वेळी आईचा फोन जागेवर बसून घेशील का? एकदाच. मग लिही मला काय झालं ते. काहीच होणार नाही असा माझा अंदाज आहे, पण मी आयटी पार्कात कधी काम केलेलं नाही.

स.न.वि.वि. मी नौपाड्यातला निवृत्त शिक्षक. ॲटिकस फिंच हा माझा आदर्श. परंतु २०१५ साली आलेल्या ‘गो सेट अ वॉचमन’मध्ये तोच ॲटिकस वंशभेदाची बाजू घेताना दिसतो. शिवाय हल्ली टीका होते की मूळ कादंबरीही गोऱ्या उद्धारकर्त्याची गोष्ट आहे. आपले मत?

सर, तुम्हाला वाईट वाटलं हे समजू शकते. मलाही ते पुस्तक मिटवून दोन दिवस उघडावंसं वाटलं नाही. पण ते ‘मॉकिंगबर्ड’च्या आधी लिहिलेलं हस्तलिखित आहे, त्यामुळे ॲटिकस म्हातारपणी बिघडला असं धरू नका. मला तर ते दोघं एकच वाटतात. कोर्टात एका माणसाला न्याय मिळावा म्हणून जीव तोडणारा, आणि तीच माणसं शाळेत शेजारी बसायला आली की कपाळाला आठ्या घालणारा. असे वकील मी पाहिलेत. चांगले वकील होते.

टीका मला अर्धी पटते. पटणारा भाग असा : टॉम मरतो कसा? तुरुंगाच्या कुंपणावरून चढताना त्याला सतरा गोळ्या लागतात, आणि हे आपल्याला चहाच्या त्या कार्यक्रमात, ॲटिकसच्या तोंडून, स्वयंपाकघरात कळतं. त्याच्या बायकोला, हेलनला, बातमी सांगतात तेव्हा ती कोसळते, तेही स्काउटने नुसतं ऐकलेलं. हेलनचं स्वतःचं पान पुस्तकात नाही. कोर्टाच्या बाल्कनीतली काळी माणसं ॲटिकससाठी उठून उभी राहतात, त्या प्रसंगाला माझ्याही घशाशी आलं होतं. पण ती खाली बसल्यावर, घरी गेल्यावर काय बोलली असतील? ते लेखिकेला माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचा आवही तिने आणलेला नाही.

न पटणारा भाग म्हणजे पुस्तकच टाकून द्या म्हणणं. त्याच्या शेजारी दुसरं ठेवावं. राल्फ एलिसन यांची ‘इनव्हिजिबल मॅन’ याच्याआधी, १९५२ साली आली. तिच्यात बाल्कनीतला माणूस स्वतः बोलतो. आणि तुमच्या शाळेत दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ नंतर किती वर्षांनी वाचनालयात आलं, हे आठवतंय का? मी हे खोचकपणे विचारत नाहीये. आमच्या कोर्टातल्या कपाटात ते मी निवृत्त झाले तोवर नव्हतं.

ताई, मी कळव्याला नर्स आहे. रात्रपाळीत वाचली. मला मेयेलाचा राग येतो आणि तिच्यासाठी पोटात तुटतंही. काय करू?

दोन्ही येऊ द्या.

युएलांचं घर गावाच्या उकिरड्याला लागून. काळ्यांनी सोडलेली खोपटी, आत सात भावंडं, दारुडा बाप. त्या सगळ्या घाणीत अंगणाच्या एका कोपऱ्यात टवके उडालेल्या सहा भांड्यांत लाल जिरेनियम लावलेली, मेयेलाची, निगुतीने वाढवलेली. साक्ष देताना ॲटिकस तिला ‘मिस मेयेला’ म्हणतो तर ती भडकते, हा माझी टिंगल करतोय. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी ‘अहो’ म्हटलेलंच नाही. आणि तीच मुलगी एका माणसाला मरणाच्या दारात ढकलते, बापापासून स्वतःची कातडी वाचवायला. गोरेपणाशिवाय तिच्याकडे काही नाही, तेवढंच ती वापरते.

साक्षीतली एक बारीक गोष्ट बहुतेक जण वाचताना ओलांडून जातात. त्या दिवशी घरात पोरं का नव्हती? तिने त्यांना आइस्क्रीम खायला गावात पाठवलं होतं. प्रत्येकाला एक, अशी पाच सेंटची सात नाणी साठवायला तिला वर्ष लागलं होतं. टॉमसोबत एकटं राहता यावं म्हणून तिने हे केलं, हे पुढे कळतंच. पण त्या दारात उभा राहून टॉम तिला म्हणाला होता, पोरांना खाऊ देताय, शहाण्या आहात हो तुम्ही. शपथेवर, रेकॉर्डवर आहे हे. सगळ्या खटल्यात मेयेलाला कुणी चांगलं म्हटलं असेल तर ते त्यानेच, आरोपीने.

रात्रपाळी संपली की झोपा. पुढच्या अंकासाठी पत्रं वीस तारखेच्या आत पाठवा, आणि कृपा करून अक्षर मोठं काढा, माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून एकाच डोळ्याचं झालंय.